४८ अंड्यांचा इन्क्युबेटर: आकड्यावर विश्वास ठेवू नका (पावसाळ्यापासूनचा वापर)

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. हा इन्क्युबेटर, म्हणजे अंडी उबवायची पेटी, पावसाळ्याच्या तोंडावर घेतला आणि पहिल्या हॅचनंतर एक तारा दिला होता. आज तीन करतोय. ट्रे, फॅन, टर्नर (अंडी फिरवणारी यंत्रणा) यांबद्दल सगळे लिहितात, मी फक्त स्क्रीनवरच्या तापमानाबद्दल लिहिणार आहे.

कोंबडीचं पिल्लू २१व्या दिवशी बाहेर येतं. खुडूक कोंबडीखाली येतं तसंच पेटीतही आलं पाहिजे. या पेटीत गिरिराजाची पिल्लं २३व्या दिवशी टोचा मारायला लागली. काही कवचातच मेली. जी निघाली त्यांची पोटं फुगलेली, पाय लटपटणारे. स्क्रीन मात्र रोज ३७.७ अंश दाखवत होती.

आधी संशय ओलाव्यावर आला. पुस्तिकेत दोन्ही खोबणींत पाणी भरा म्हणून लिहिलंय, पण ते कोरड्या मुलखाचं. आमच्या पावसात पाणी न घालताही आत ४५ टक्क्यांच्या वर ओलावा राहतो आणि पहिल्या १८ दिवसांना तेवढा जवळपास पुरतो. शेवटच्या तीन दिवसांत टर्नर बंद करून ओलावा ६५-७० टक्क्यांवर न्यायचा. पाणी बंद केलं, तरी पिल्लं उशिराच. मग ताप बघायचा डिजिटल थर्मामीटर अंड्यांच्या उंचीला ठेवला. ३६.९! पाऊण अंशाच्या फरकाने दोन दिवस गेले आणि पिल्लंही गेली.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर: "दोन दिवस मागेपुढे चालतंच." नाही चालत. फलित अंडी पैसे मोजून आणलेली असतात, आणि आतला जीव वाट बघत बसत नाही. खूप फोन केल्यावर नवा सेन्सर आला, तोही तसाच. शेवटी एका मुलाने सांगितलं की दोन बटणं एकदम दाबून धरली की आकडा दुरुस्त करता येतो. हे पुस्तिकेत कुठेही नाही!

दुरुस्तीनंतर मात्र मत बदललं. कोंबडीची पिल्लं २१व्या दिवशी, लाव्हे १७-१८व्याला, बदकं २८व्याला, सगळं वेळेवर. टर्नर एकदाही अडकला नाही, वीजही कमी खातो. एवढ्या किमतीत हे उत्तम आहे.

टिळकवाडीतला भाचा माशांच्या पिल्लांसाठी आर्टेमिया उबवतो. कोळंबीच्या दूरच्या नात्यातला हा बारीक जीव. लिटरभर पाण्यात २५ ग्रॅम मीठ, हवेचे बुडबुडे, उजेड आणि २८ अंश असले की २४ तासांत बाटलीत नारिंगी ठिपके पोहायला लागतात. तिथेही तापमानाचाच खेळ: त्याच बाटलीला बेळगावच्या थंडीत दीड-दोन दिवस लागतात. आर्टेमियाची वाळकी अंडी डब्यात वर्षानुवर्षं टिकतात, म्हणून त्याला घाई नसते. कोंबडीच्या अंड्याला ती सवलत नाही.

म्हणून घेणाऱ्यांनो, अंडी ठेवण्याआधी एक दिवस पेटी रिकामी चालवा आणि आतलं तापमान थर्मामीटरने तपासा. लाईट गेली तर झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका. गार झालेलं अंडं काही तास तग धरतं, पण ४० अंशांच्या वर तापलेलं फार वेळ टिकत नाही. कंपनीने ती दोन बटणं पुस्तिकेत छापली की चौथा तारा देईन.