ग्राफिक्स कार्डाचा पंखा गेला: वॉरंटी, दुकान की घरच्या घरी?

गेम सुरू झाला की कॅबिनेटमधून खरखर येते, थोड्या वेळाने फ्रेम्स पडायला लागतात आणि बाजूची काच काढून पाहावं तर दोनपैकी एक पंखा अडखळत फिरत असतो. आपल्या ठाणे-नवी मुंबईकडे हे व्हायचंच. घोडबंदर रोडला बांधकामाची धूळ, ऐरोली-वाशीकडे खाडीची दमट हवा. पंख्याच्या बेअरिंगला दोन्ही मानवत नाहीत. पुढे चार वाटा आहेत: वॉरंटी, दुरुस्तीचं दुकान, तसाच पंखा मागवून स्वतः बसवणं, किंवा मूळ पंखे काढून त्याजागी कॅबिनेटचे १२० मिमीचे पंखे बांधणं. माझ्या मते निवड एकाच प्रश्नावर ठरते: पंख्यापर्यंत पोचायला हीटसिंक (चिपची उष्णता ओढून घेणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा) चिपवरून उचलावा लागतो का?

पण आधी खात्री करा. हल्लीची बरीच कार्डं थंड असताना पंखे बंदच ठेवतात, त्यामुळे डेस्कटॉपवर पंखा स्थिर दिसला म्हणून घाबरू नका. एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा वेग हाताने ६० टक्क्यांवर न्या आणि बघा. मग पीसी बंद करून, प्लग काढून, पात्याला बोटाने हलकेच फिरवा. चांगला पंखा काही फेरे घेऊन थांबतो, गेलेला जड लागतो किंवा डुगडुगतो. कधी कधी एखादी सुटी वायर पात्याला घासत असते, तेवढं केबल टायने बांधलं की काम संपलं.

वॉरंटी शिल्लक असेल तर पहिली वाट तीच, हे सांगायला नको. तरी दोन गोष्टी बघून घ्या. हीटसिंकच्या एखाद्या स्क्रूवर स्टिकर असेल आणि तो फाटला असेल, तर दावा अडू शकतो. दुसरं म्हणजे गंज. ब्रॅकेटवर (कार्ड कॅबिनेटला अडकवणाऱ्या पट्टीवर) किंवा स्क्रूवर गंजाचे डाग असतील तर सर्व्हिस सेंटरवाले नाक मुरडतात, आणि आपल्या हवेत डाग यायला वेळ लागत नाही. कार्ड देण्यापूर्वी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, सिरियल नंबरचाही. या वाटेचा खरा तोटा वेळेचा: कार्ड हातातून जातं, परत कधी येईल ते तुमच्या हातात नसतं. रेंडरिंग किंवा एडिटिंगवर पोट असेल तर हे जड जातं.

दुरुस्तीचं दुकान म्हटलं की अजूनही बरेच जण मुंबईतला कॉम्प्युटरच्या दुकानांचा लॅमिंग्टन रोड गाठतात. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. वाशीहून हार्बरने कुर्ला, मग दादर, मग ग्रँट रोड. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा सुट्टीचा बेत त्या दिवशी आखू नका. जाण्याआधी पंख्याच्या मधल्या स्टिकरचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवून ‘हाच पंखा आहे का?’ एवढंच विचारा. पंखा मिळतो की नाही याच्यावरच सगळं अडतं, मजुरीवर नाही. हीटसिंक उचलावा लागणारं कार्ड असेल तर मात्र मी दुकानाकडेच झुकेन. तिथे थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) नवी लागते आणि मेमरीवरचे मऊ थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे घालावे लागतात. १ मिमीच्या जागी २ मिमीचा पॅड गेला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि कार्ड आधीपेक्षा जास्त तापतं.

स्वतः बसवण्याची वाट सगळ्यात स्वस्त, पण घोळ इथेच होतात. पंख्याच्या स्टिकरवर मॉडेल क्रमांक, १२ व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. तो क्रमांक जसाच्या तसा शोधा. पात्याचा व्यास जुळला म्हणजे झालं, असं नाही. स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, वायरची लांबी आणि कनेक्टरही जुळायला हवेत. कार्डावरचा ४ पिनचा कनेक्टर बारीक, सहसा पिनांमध्ये २ मिमी अंतराचा असतो. कॅबिनेटच्या पंख्याचा २.५४ मिमीचा, तो इथे बसत नाही. गिगाबाइटच्या कित्येक तीन पंख्यांच्या कार्डांत तर मधला पंखा उलट फिरतो. तिथे बाजूचा पंखा मध्ये लावला तर हवा हीटसिंककडेच जाईल, पण उलट फिरण्याचा फायदा जाईल. शक्यतो पूर्ण सेटच मागवा. एक गेला की दुसराही त्याच वयाचा असतो.

आणि हो, तेल. साध्या स्लीव्ह बेअरिंगला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब काही दिवस गप्प करतो. नवा पंखा येईपर्यंत ठीक आहे. खोबरेल मात्र नको: ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, एसीच्या खोलीत तर नक्कीच, आणि पुढे चिकट होऊन बसतं.

राहिला १२० मिमीचा जुगाड. प्लास्टिकचं आवरण काढायचं, हीटसिंकवर दोन पंखे केबल टायने आवळायचे. दिसायला ओंगळ, पण आवाज आणि तापमान दोन्ही बऱ्याचदा मूळपेक्षा कमी. हे पंखे मदरबोर्डला जोडले तर ते कार्डाचं तापमान ओळखत नाहीत, म्हणून फॅनकंट्रोलसारखं सॉफ्टवेअर किंवा कार्डाच्या कनेक्टरचा अडॅप्टर लागतो. पंख्याची जाडी साधारण २५ मिमी, तेव्हा खाली दुसरं कार्ड असेल किंवा कॅबिनेट छोटं असेल तर हा विचार सोडा. आवरण काढताना हीटसिंक सुटत असेल तर तेच दुखणं इथेही.

कार्ड कुठलं आहे यावरही बरंच आहे. ७५ वॉटच्या जीटीएक्स १०५० टीआयला एक १२० मिमी पंखा पुरून उरतो आणि त्याच्यावर दुकानाची मजुरी खर्च करण्यात अर्थ नाही. ३२० वॉटच्या आरटीएक्स ३०८० वर मी जुगाड करणार नाही. तिथे मूळ पंख्यांचा सेट किंवा दुकान, आणि तोवर पॉवर लिमिट (कार्डाने खायच्या विजेची मर्यादा, आफ्टरबर्नरमध्येच बदलते) ७० टक्क्यांवर.