१:४०० चं ७४७ मॉडेल, काही महिन्यांनंतर: सगळं मस्त, पण पुढचं चाक हवेत

ब्रिटिश एअरवेजच्या बोइंग ७४७-४०० चं मॉडेल, खऱ्याच्या चारशेव्या भागाएवढं, बीओएसी या त्यांच्या पूर्वीच्या कंपनीच्या जुन्या रंगातलं, नोंदणी जी-बीवायजीसी. खरं विमान २०१९ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या शंभरीनिमित्त रंगवलं आणि पुढच्याच वर्षी त्यांचा सगळा ७४७ चा ताफा निवृत्त झाला, त्यामुळे मॉडेल जाहीर झाल्या झाल्या प्री-ऑर्डर टाकली होती.

रंगकाम एक नंबर. शेपटीवरचा सोनेरी स्पीडबर्ड (कंपनीचं पक्ष्याचं चिन्ह) भिंगातून बघितला तरी कड कुठे फाटलेली नाही, निळी पट्टी दारांवरून जाताना तुटत नाही. वजनही हातात छान लागतं.

आता मुद्द्याचं. पुढचं चाक शेल्फला टेकतच नाही! खालून व्हिजिटिंग कार्ड सरकवलं तर आरपार जातं. अर्धा मिलिमीटर फट असेल, म्हणजे खऱ्या विमानात २० सेंटीमीटर, विचार करा. विक्रेत्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं की डाय-कास्टमध्ये (साच्यात ओतलेल्या धातूच्या मॉडेलमध्ये) एवढं चालतं. का चालतं? ७४७ ला अठरा चाकं असतात, त्यातली सोळा मागे चार बोगींवर (चार-चार चाकांच्या जोडणीवर) आणि पुढे फक्त दोन, ती दोन टेकली नाहीत तर विमान जमिनीवर उभंय असं वाटतच नाही. चार-पाच मेल झाले, शेवटी रिप्लेसमेंट नाही म्हणून कळवलं. तेव्हा मी दोन स्टार देऊन मोकळा झालो होतो.

अपडेट: नंतर एकदा धूळ साफ करताना मॉडेल उलटं धरून टॉर्च मारला तर उजव्या पंखाखालच्या बोगीचा पाय भोकात पूर्ण बसलेलाच नव्हता, किंचित बाहेर होता, त्यामुळे ती बाजू उचललेली आणि नाक वर. आइस्क्रीमच्या काडीने हळूच दाबला, पांढऱ्या गोंदाचा एक थेंब लावला (सुपरग्लू लावू नका, पुढेमागे पाय काढायची वेळ आली तर सुटत नाही) आणि रात्रभर ठेवलं. कार्ड आता अडतं! इतका आनंद मला पार्सल उघडतानाही झाला नव्हता. पण हे दाबायचं काम फॅक्टरीत दोन सेकंदांत झालं असतं, पैसे पूर्ण मोजून ते मी घरी का करायचं, हा राग अजून आहेच. स्टार आता साडेतीन.

त्याच मॉडेल कंपनीचं पुढचं रिलीज जाहीर झालंय आणि मला ते हवंच आहे, तरी यावेळी कॉम्प्युटरवरचं चित्र बघून प्री-ऑर्डर टाकणार नाही. चित्रात चाक नेहमीच टेकलेलं असतं. प्रत्यक्ष नमुन्याचा बाजूने काढलेला फोटो येईपर्यंत थांबायचं, रन (एका वेळी काढलेली मॉडेल्स) छोटा असतो म्हणून संपून जाईल ही धाकधूक आहे, पण चालेल. बोइंग ७७७-९ च्या मॉडेलची तर फारच वाट बघतोय, पंखांची टोकं दुमडलेलं व्हर्जन असेल तर आधी तेच घेणार, शेल्फवर जागाही कमी लागते. कुणाच्या हातात आधी पडलं तर रंगाचे फोटो नंतर टाका, आधी पुढच्या चाकाखाली कार्ड घालून बघा आणि सांगा.