आमचं ईसीएचएस पॉलिक्लिनिक: डॉक्टर उत्तम, औषधाची खिडकी अर्धी रिकामी

कोकणातल्या ज्या ईसीएचएस (म्हणजे माजी सैनिकांच्या अंशदायी आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमध्ये आम्ही जातो, त्याबद्दल लिहायचं कधीपासून मनात होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली माणसं कंत्राटावर आहेत, मुदत संपली की पुन्हा नूतनीकरणाची वाट बघतात. दोष त्यांचा नसताना बोल त्यांना लागू नये एवढीच इच्छा.

आमचे हे मराठा लाइट इन्फंट्रीतून 2005 साली हवालदार म्हणून निवृत्त झाले. घरात कार्डं तीन: यांचं, माझं आणि सासूबाईंचं. यांना शुगर, बीपी आणि हृदयात बसवलेला स्टेंट, मला थायरॉइड, सासूबाईंचे डोळे आणि गुडघे. त्यामुळे नोंदणीच्या टेबलापासून रेफरलच्या सहीपर्यंत तिथली प्रत्येक पायरी माझ्या पायाखालची आहे.

ही योजना 1 एप्रिल 2003 ला सुरू झाली. त्याआधी निवृत्त फौजीला लष्करी रुग्णालय हाच आधार, आणि कोकणातल्या माणसाला ते म्हणजे कुलाब्याचं अश्विनी, नाहीतर पुणे, नाहीतर बेळगाव. ताप-खोकल्यासाठी कोण जाणार तिथे? अंगावर काढायचे. आता देशभर चारशेहून जास्त पॉलिक्लिनिकं आहेत. आधी तिथे दाखवायचं, तिथे होण्यासारखं नसेल तर ते पॅनेलवरच्या, म्हणजे योजनेशी करार असलेल्या हॉस्पिटलचं रेफरल (पुढे पाठवण्याचं पत्र) देतात आणि बिल सरकार भरतं.

गावात लोक म्हणतात, "तुम्हाला बरंय, सगळं फुकट." ते फुकट नाही. निवृत्त होताना वर्गणी कापून घेतात. 2017 च्या डिसेंबरअखेरीपासून ती हवालदारापर्यंत 30,000, जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) 67,000 आणि अधिकाऱ्यांना 1,20,000 रुपये आहे. आमच्या वेळी ती कमी होती, पण पगारही तसेच होते. शिवाय सियाचीन म्हणा, काश्मीर म्हणा, तिथे गेलेली वर्षं कुठल्या पावतीवर लिहिलेली नसतात.

डॉक्टरांबद्दल आधी सांगते, कारण त्यांचं कौतुक करावं तेवढं थोडं. सध्याचे डॉक्टर शुगरच्या प्रत्येक माणसाला चपला-मोजे काढायला लावतात. स्वतः खाली वाकून तळवा बघतात, बोटांच्या मधल्या खाचा बघतात, डोळे मिटायला सांगून टाचेला बारीक तार टेकवतात आणि विचारतात, "कळलं का?" यांच्या उजव्या टाचेला भेग पडलेली होती. घरात मलाही बोलले नव्हते. डॉक्टरांनी तीनदा तार टेकवली, हे गप्प. तेव्हा कळलं की त्या जागेची संवेदनाच गेली आहे. वेळेत कळलं म्हणून मलमपट्टीवर भागलं. खाजगी दवाखान्यात आजवर कुणी यांचे मोजे काढायला लावलेले नाहीत.

फौजी माणसाला "कसं वाटतंय?" विचारलं तर उत्तर एकच, "ठीक है, साहब." छातीत कळ आली तरी तेच. हे डॉक्टर तसं विचारतच नाहीत. ते विचारतात, "घरून एसटी स्टँडपर्यंत येताना कुठं थांबलात?" मग यांच्या तोंडून खरं येतं. वीस-पंचवीस वर्षं तक्रार न करण्याची शिस्त लागलेल्या माणसाला बोलतं करणं हे वेगळं कसब आहे आणि ते रोज फौजीच बघणाऱ्या डॉक्टरला येतं. बाहेर बाकावर बसलेली सगळी मंडळी ओळखीची, कोण महार रेजिमेंटचा, कोण नेव्हीचा, कोण सिग्नल्सचा. यांचं अर्धं बीपी तिथे बसूनच उतरतं.

आता औषधाची खिडकी. कागद आत जातो. फार्मासिस्ट पेन घेऊन एकेका ओळीवरून खाली येतात. जे आहे त्याच्यापुढे बरोबरची खूण, जे नाही त्याला गोल आणि बाजूला "एनए", म्हणजे उपलब्ध नाही. मागच्या पावसाळ्यात यांच्या कागदावर सात ओळी होत्या आणि गोल चार. त्यातला एक गोल क्लोपिडोग्रेलला, रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळीला. स्टेंट बसवलेल्या माणसाची ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायची नसते, हे डिस्चार्जच्या वेळी मला बजावून सांगितलेलं. फार्मासिस्ट बिचारे स्वतःच ओशाळले होते. "ताई, मागणी टाकली आहे, वरून आली नाही," म्हणाले.

मग बाजारातून घ्या, बिल जपा, एनएचा शिक्का, कागदाची झेरॉक्स, बँकेचा तपशील असं सगळं लावून परताव्याचा अर्ज करा. मला लिहिता-वाचता येतं, मी बचत गटाचं दप्तर सांभाळते, म्हणून मी करते. आमच्या शेजारच्या वाडीत एक वीरपत्नी आहेत, सत्तरी पार केलेल्या. त्या परताव्याच्या वाटेला जातच नाहीत. पेन्शनमधून अर्ध्या गोळ्या घेतात आणि एक दिवसाआड खातात. मला सगळ्यात जास्त चीड येते ती ह्याची.

रात्री-अपरात्री काय होतं तेही सांगते. यांच्या छातीत कळ आली तेव्हा बाहेर धो धो पाऊस होता. पॉलिक्लिनिक दिवसाचं, ते बंद. जवळचं जे हॉस्पिटल होतं ते पॅनेलवर नव्हतं. नियम चांगला आहे: जिवावर बेतलं असेल तर कुठेही दाखल करा, 48 तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवा. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच कळवलं. पॉलिक्लिनिकमधून फोनवर नीट मार्गदर्शन मिळालं, एक शब्द वाकडा नाही. पण परतावा सीजीएचएसच्या (केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेच्या) दराने मिळतो आणि हॉस्पिटलने लावलेला दर त्याहून बराच जास्त होता. मधला फरक आमच्या खिशातून गेला, तोही लेकीच्या लग्नासाठी बाजूला काढलेल्या पैशातून.

तिथून घाट चढून पॅनेलवरच्या हॉस्पिटलात नेलं. उपचार चांगले झाले, पैसा भरावा लागला नाही. पण काउंटरवर कार्ड दाखवल्या दाखवल्या मुलीने हात केला, "ईसीएचएसवाले त्या बाजूला थांबा." रोख भरणारे आत जात होते. का, ते तिथल्याच एका कर्मचाऱ्याने हळू आवाजात सांगितलं: "तुमची बिलं महिनोन्‌महिने अडकतात हो."

ती का अडकतात हे मला हिशोब बघितल्यावर उमगलं. 2023-24 साली ईसीएचएससाठी सुरुवातीला साधारण 5,431 कोटी रुपये धरले होते. वर्ष सरता सरता ती तरतूद सुमारे 70 टक्के वाढवावी लागली, म्हणजे नऊ हजार कोटींच्या पुढे. इतकं होऊनही 2024-25 ची सुरुवात 6,968 कोटींवरून केली. 2025-26 ला 8,317 कोटी. गटात एखादी बाई गेल्या वर्षी नऊ हजार खर्च करून या वर्षी सात हजारच लागतील म्हणून लिहून आणली, तर मी तिला दप्तर परत देईन. लागणार किती ते माहीत असून कमी धरायचे, मग बिलं थकणार, मग हॉस्पिटलं पॅनेल सोडणार किंवा आम्हाला बाजूला उभं करणार. औषधांची मागणीही ह्याच ओढाताणीत सापडते असं माझं मत आहे.

काही जण म्हणतात, पॉलिक्लिनिकं बंद करा, सरळ विमा द्या, ज्याला जिथे जायचं तिथे जाऊ दे. मला हे पटत नाही. आमच्या किनाऱ्यावर कार्ड घेऊन जायला मोठी हॉस्पिटलं आहेत कुठे? कुणी कुंभार्ली चढून कराडला जातो, कुणी आंबा घाटातून कोल्हापूरला, दक्षिणेकडचे आंबोलीतून बेळगावला, उरलेले मुंबईला. पावसात दरड आली की तेही नाही. विम्याच्या कागदाने घाट खाली येत नाही. आणि टाचेची भेग विमा कंपनी शोधून काढणार नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठी सरकारची स्वतःची दीडशेहून जास्त हॉस्पिटलं आहेत. तिथेही हाच वाद चालतो, स्वतःची वाढवायची की बाहेरच्यांना पैसे द्यायचे. 2018 च्या मिशन कायद्यानंतर त्यांनी एक माप ठरवलं: साध्या उपचाराला गाडीने सरासरी 30 मिनिटांपेक्षा जास्त किंवा तज्ज्ञाकडे जायला 60 मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर माजी सैनिकाला बाहेरच्या डॉक्टरकडे जाता येतं, पैसे सरकार देतं. भाच्याने सांगितलं तेव्हा मी वाचून काढलं. आकडे त्यांचे त्यांना लखलाभ, पण मोजणी मला आवडली. आमच्याकडे कोटी मोजतात. म्हातारा फौजी पहाटेची एसटी धरून, बदली करून, रिक्षा करून किती वेळाने खिडकीशी पोचतो हे कुणी मोजत नाही.

म्हणून वाढीव पैशातला पहिला रुपया त्या औषधाच्या खिडकीवर खर्च व्हावा. शुगर, बीपी, हृदय, थायरॉइडची नेहमीची औषधं ठरलेली आहेत, माणसं ठरलेली आहेत, कार्डावर सगळ्यांची नोंद आहे. तीन महिन्यांचा साठा आधी काढून ठेवता येतो. शंभर रुपयांची गोळी वेळेवर मिळाली नाही की पुढे लाखाचं बिल त्याच सरकारला भरावं लागतं. दुसरं, लांबच्या तालुक्यांत आठवड्यातून एक दिवस डॉक्टर आणि औषधांची गाडी यावी, पंचायत समितीच्या आवारात उभी राहिली तरी चालेल. तिसरं, किनाऱ्यावरची बरी हॉस्पिटलं पॅनेलवर आणायची तर त्यांची बिलं वेळेत चुकती करा. हे सगळं मी यांच्या सहीने स्टेशन हेडक्वार्टरला, म्हणजे लष्कराच्या इथल्या कार्यालयाला, लिहून पाठवलं आहे.

डॉक्टरांना माझ्याकडून पाचपैकी पाच. नोंदणी आणि रेफरलला चार, सोमवारची गर्दी सोडली तर काम भरभर होतं. औषधांना दोन.

नव्याने जाणाऱ्यांसाठी थोडं: निघण्याआधी फोन करून तुमची औषधं आहेत का विचारा, सांगतात. कार्ड प्रत्येकाचं वेगळं न्या, एकाच्या कार्डावर दुसऱ्याचं काम होत नाही. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. "एनए" असेल तर त्याच दिवशी शिक्का मारून घ्या, नंतर फेरी वाढते. परताव्याचा अर्ज भरता येत नसेल तर बुधवारी मी तिथे असते, बाकावर कुणालाही विचारा, बचत गटवाल्या वहिनी कुठल्या म्हणून.