प्लास्टिकच्या बाटल्या सोडून आठ महिने: भांडं सोपं, झाकण अवघड

कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२४ मध्ये बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजारांच्या आसपास प्लास्टिकचे कण मोजले. त्यातले ९० टक्के तर नॅनो आकाराचे. हे वाचलं आणि पाण्यापुरतं तरी घरातून प्लास्टिक हद्दपार करायचं ठरवलं. आज आठ महिने झाले.

सोबत न्यायला स्टीलची, एकाच पत्र्याची, रुंद तोंडाची बाटली घेतली. तळाला ३०४ किंवा १८/८ कोरलेलं आहे का ते पाहूनच घ्या. म्हणजे साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो आणि गंज धरत नाही. बाटली किती वेळा पडली याची गणती नाही. पोचे आले, पण गळती नाही. ब्लीचने मात्र धुऊ नका, क्लोराइडमुळे स्टीलला बारीक खड्डे पडतात. अॅल्युमिनियमच्या बाटल्या मी मुद्दाम टाळल्या, कारण त्यांना आतून बहुधा प्लास्टिकसारखाच लेप असतो. मग बदलून मिळवलं काय?

खरा त्रास दिला तो झाकणाने. तिसऱ्या महिन्यात पाण्याला कुबट वास यायला लागला. बाटली घासली, खायचा सोडा घालून रात्रभर ठेवली, तरी वास जाईना. शेवटी झाकणातली सिलिकॉनची रिंग चमच्याच्या दांड्याने उचकटली, तर खाचेत बुरशीची काळी रेघ! तेव्हापासून दर आठवड्याला रिंग काढून धुते आणि पूर्ण सुकल्यावरच बसवते. वास पुन्हा आला नाही. म्हणून घेताना झाकण उलटं करून बघा. वरून चकचकीत स्टील आणि आत पाण्याला लागणारी बाजू प्लास्टिकची, अशी झाकणं सर्रास असतात. स्ट्रॉवालं झाकण तर नकोच. ती नळी आतून नीट साफ होत नाही.

तांब्याची बाटलीही घेतली होती. निमुळत्या गळ्यातून हात जात नाही, आणि दीड महिन्यात आत हिरवट डाग दिसले. पिण्याच्या पाण्यात तांब्याची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने लिटरला २ मिलिग्रॅम ठेवली आहे, आणि आंबट काही भरलं की तांबं झपाट्याने उतरतं. तांबं हवंच असेल तर हात आत जाईल असं उघडं भांडं घ्या, त्यात फक्त साधं पाणी ठेवा आणि रोज घासा.

घरात टेबलावर बोरोसिलिकेट काचेची बाटली आहे. साध्या काचेच्या तुलनेत ती तापल्यावर जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, त्यामुळे गरम पाणी ओतताना धाकधूक नसते. पाण्याची चव मला हिच्यातच सगळ्यात स्वच्छ लागते. क्षारांचा पांढरा थर लगेच दिसतो, तो व्हिनेगरने निघतो. एक बाटली ओट्याच्या कडेला आपटून गेली, म्हणून बाहेर नेत नाही.

साठवणीला स्टीलचं पिंप आहे. ते आणल्यावर दोन महिन्यांनी लक्षात आलं की तोटी आतून प्लास्टिकची आहे. फार वाईट वाटलं. ती बदलून स्टीलची बसवली, पण वॉशर सिलिकॉनचाच राहिला. त्याला माझ्याकडे अजून पर्याय नाही. पुढची बाटली घेताना रिंग सुटी मिळते का, हे मी आधी विचारणार आहे.