पॅसेंजरमध्ये वाचलेलं ‘अंतःस्फोट’

कॉलेजच्या ग्रंथालयातली कुमुद पावडे यांच्या ‘अंतःस्फोट’ची ही प्रत माझ्याआधी किती जणांनी नेली ते मागच्या चिठ्ठीवर दिसतं. पंधरा वर्षांत सहा शिक्के. पानं पिवळी पडलीत, शिवण सुटत आलीय, मधली चार पानं कुणीतरी चिकटपट्टीनं जोडलीत आणि पट्टीखालची अक्षरं तपकिरी होऊन गेलीत. तेवढ्या ओळी मी खिडकीच्या उजेडाकडे धरून वाचल्या. सरांनी स्वकथनांची यादी फळ्यावर लिहिली होती, त्यातलं हेच एक नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं, म्हणून घेतलं. शनिवारी जळगावहून अमळनेरला जाताना पॅसेंजरमध्ये उघडलं. पाळधी गेलं, धरणगाव गेलं, शेजारच्या आजीबाई उतरल्या, माझं लक्ष नव्हतं.

हे सरळ आत्मचरित्र नाही. जन्म, शाळा, लग्न, नोकरी अशी रांग इथं लावलेली नाही. सुटे लेख आहेत, आणि प्रत्येक लेख एखादी सल धरून तिच्या मुळापर्यंत जातो. कुमुद पावडे नागपूरच्या. महार कुटुंबात १९३८ साली जन्मल्या, संस्कृत घेऊन एम. ए. झाल्या, पुढे संस्कृतच्याच प्राध्यापक झाल्या. पुस्तक १९८१ चं आहे. मी मुख्यतः त्यांच्या संस्कृतच्या शिक्षणावरच्या लेखाबद्दल लिहिणार आहे, कारण तो मी तीनदा वाचला आणि अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मीही आठवी ते दहावी संस्कृत घेतलं होतं. पैकीच्या पैकी मार्क पडतात असं सगळे सांगायचे, म्हणून. ‘देवः देवौ देवाः’ पाठ केलं, मार्क पडले, अकरावीत वही रद्दीत गेली. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली, हे मला माहीत होतं, पण एका मार्काच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून. या लेखात एक लहान मुलगी मुंजीच्या घराबाहेर उभी राहून मंत्र ऐकते. तिला तो नाद आवडतो, एवढंच. आणि आतली एक बाई तिला जातीवरून बोलून हाकलते. ज्या भाषेची वही मी रद्दीत दिली, तिच्यासाठी ही मुलगी दाराबाहेर उभी होती.

लेखाची सुरुवात मात्र अपमानानं होत नाही, कौतुकानं होते. लोक कुमुदताईंची तोंडावर स्तुती करतात, तुमच्या समाजातली बाई आणि संस्कृत, वा! ती स्तुती ऐकताना त्यांना काय होतं हे त्या इतक्या उघडपणे सांगतात की मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं. कारण असलं कौतुक मी केलेलं आहे. माझी बारावीपासूनची एक मैत्रीण आहे, दोघी एकाच बाकावर बसायचो. वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली तेव्हा मी तिला मिठी मारून म्हटलं होतं, “तुझं मराठी किती शुद्ध आहे गं, वाटतच नाही!” काय वाटत नाही, ते मी बोलले नाही. तिनंही विचारलं नाही. ती हसली आणि डबा उघडला. मला तेव्हा वाटलं होतं, आपण किती मोठ्या मनानं बोललो.

लेखातले दोन शिक्षक मला सगळ्यात जास्त भावले. पहिले शाळेतले गोखले गुरुजी, धोतर, टोपी, जुन्या वळणाचे, सोवळ्यातले. हे आपल्याला काय शिकवणार, ही भीती त्या मुलीच्या पोटात. आणि तेच गुरुजी तिला हातचं न राखता शिकवतात. दुसरे एम. ए. च्या विभागाचे प्रमुख. नावाजलेले विद्वान, आधुनिक कपडे, वर्गात अवघ्या विश्वात एकच तत्त्व कसं भरलंय ते सुंदर उलगडून सांगणारे. पण ही मुलगी समोरच्या बाकावर बसते हेच त्यांना खुपतं. एखादा घाईतला लेखक इथं सरळ म्हणाला असता की जुने वाईट, नवे चांगले. किंवा ब्राह्मण तेवढे वाईट. कुमुदताईंनी तो सोपा रस्ता घेतला नाही. परंपरा एकाला मोठं करते आणि एकाला आक्रसून टाकते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आणि तसंच लिहिलं. गुरुजींबद्दल लिहिताना त्यांचा हात किती मऊ होतो! आणि ती माया असूनही बाकीच्यांचा हिशेब त्या सोडत नाहीत. कृतज्ञता आणि राग एकाच लेखात, एकमेकांना न खोडता नांदतात. मला हे अजून जमत नाही. मी एक तर आभार मानते नाही तर भांडते.

मग नोकरीचा भाग. एम. ए. चांगल्या रीतीनं पास झालेली मुलगी दोन वर्षं अर्ज करत फिरते. मुलाखतीच्या खोलीतून हसण्याचे आवाज येतात, आता हे लोक आपल्याला संस्कृत शिकवणार म्हणून. शेवटी त्या थेट केंद्रीय मंत्री जगजीवनराम यांना पत्र लिहितात, ते पत्र पंडित नेहरूंपर्यंत पोचतं. नेहरू २५० रुपयांचं बक्षीस देतात आणि मुख्यमंत्र्यांना भेटायला सांगतात. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. आश्वासन मिळतं, नोकरी नाही. देशाच्या पंतप्रधानांनी शब्द टाकला तरी जे दार उघडलं नाही, ते नंतर उघडलं. मधल्या काळात काय झालं होतं? त्यांचं आंतरजातीय लग्न झालं होतं आणि कुमुद सोमकुवरची कुमुद पावडे झाली होती. ही नोकरी पावडे या आडनावाला मिळाली, सोमकुवरला नाही, असं त्या स्वतः लिहितात. स्वतःच्या यशाबद्दल असं लिहायला केवढं धैर्य लागत असेल. आपण कष्टानं मिळवलं असं म्हणाल्या असत्या तर कुणी अडवलं नसतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं.

या वाक्यांच्या बाजूला आधीच्या कुणीतरी पेन्सिलनं उभी रेघ मारलीय. एवढी दाबून, की मागच्या पानावर वळ उठलाय.

घरी पोचले तेव्हा आई चुलीपुढं कळण्याच्या भाकरी थापत होती. मी उंबऱ्यात बसून परत तोच लेख उघडला. “काय वाची राहिनी वं?” तिनं विचारलं. मी गोष्ट सांगितली. तिचा पहिला प्रश्न, “मंग नोकरी लागनी का तिले?” म्हटलं, लागली, पण लग्न झाल्यावर. आई थोडा वेळ थांबली. “म्हंजे आडनाव बदलीसन?” हो. तव्यावरची भाकरी जरा करपली. आमच्या मागच्या पडवीच्या कोनाड्यात जर्मनचा एक पेला आहे, आजीच्या वेळचा. कापूस वेचायला, निंदायला येणाऱ्या एका मावशीसाठी तो वेगळा ठेवलेला असायचा. आजी गेल्यावर आईनं मावशीला घरातल्या कपात चहा द्यायला सुरुवात केली, पण पेला काही फेकला नाही. अमळनेरात साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. त्या उपोषणावर मी सहावीत भाषण करून बक्षीस आणलं होतं. ते भाषण मी पडवीतच बसून पाठ केलं होतं, कोनाड्याकडे पाठ करून.

आता खोलीचं सांगते, कारण त्याशिवाय हे परीक्षण अर्धं राहील. दोन वर्षांपूर्वी मी आणि तीच मैत्रीण जळगावात खोली बघायला गेलो होतो. घरमालकीणबाईंनी पाणी दिलं, आणि खोली दाखवायच्या आधी विचारलं, “आडनाव काय?” मी म्हटलं पाटील. त्या हसल्या, गाव कुठलं ते विचारलं. मैत्रिणीनं तिचं आडनाव सांगितलं. मग बाई म्हणाल्या, खोली लहान आहे, एकीलाच देता येईल. फाटकावरच्या पाटीवर ‘दोन मुलींसाठी’ असं लिहिलेलं होतं. आम्ही दोघींनी ते वाचूनच बेल वाजवली होती. मी काही बोलले नाही. प्रवेशाची तारीख जवळ आली होती, अप-डाऊन परवडणारं नव्हतं, ही कारणं मी स्वतःला त्याच रात्री सांगून टाकली. मी खोली घेतली. ती सरकारी वसतिगृहात गेली. आमची मैत्री टिकली, म्हणून मला वाटत राहिलं की काही झालंच नाही.

पुस्तकातल्या उणिवाही सांगायला हव्यात. संस्कृतचा व्यासंग भाषेत उतरलाय. काही वाक्यं लांब आणि जड आहेत, दोनदा वाचावी लागतात. कुठं कुठं लेखिका अनुभव सांगता सांगता व्यासपीठावर जाते आणि मला ती परत घरात यावी असं वाटतं. संस्कृतच्या लेखात लग्नाबद्दल फारच थोडं आहे. ज्या लग्नानं सगळं फिरलं ते दोघांनी कसं ठरवलं, हे मला तिथंच वाचायचं होतं. पण जे सांगितलंय ते झाकून सांगितलेलं नाही. ज्यांनी शाळेत मार्कांसाठी संस्कृत घेतलं त्यांनी हा लेख वाचावा. ज्यांना आयुष्यात कुणी आडनाव विचारून मागं फिरवलं नाही, त्यांनी तर वाचावाच. ग्रंथालयात नवी प्रत मागवा म्हणून मी अर्ज दिलाय.

मुदत वाढवून घेतली आणि सोमवारी पुस्तक मैत्रिणीकडे घेऊन गेले. वसतिगृहाच्या पायरीवर बसून तिला खोलीचं सगळं सांगितलं, पाटीसकट. ती म्हणाली, “पाटी मीपण वाचली होती ना.” मग मी पुस्तक पुढं केलं. तिनं ते हातात घेतलं, उलटून पाहिलं, चिकटपट्टीवर बोट फिरवलं. तिनं ते अकरावीतच वाचलं होतं. तिच्या वडिलांच्या कपाटात आहे.