आयनॅचरलिस्ट: नवख्यांचे स्वागत उत्तम, जाणत्यांची काळजी अपुरी

आयनॅचरलिस्ट या, दिसलेल्या जिवांची नोंद करून एकमेकांना ते ओळखून देण्याच्या ऑनलाइन सेवेवर मी टाकलेले पहिले छायाचित्र मधमाशीचे होते, निदान माझी तशी पक्की समजूत होती. तासाभरात एका अनोळखी व्यक्तीने ती मधमाशी नसून मधमाशीसारखे पट्टे असलेली माशी आहे, अशी ओळख नोंदवली आणि सोबत कारणही दिले: मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या असतात, माशीला एकच, आणि अशा माशीच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) इतक्या आखूड असतात की त्या पटकन नजरेत भरत नाहीत. मी छायाचित्र मोठे करून पाहिले, तेव्हा दोन्ही खुणा समोर होत्या. त्या दिवसापासून मी याच माशांचा अभ्यास करत आहे, आणि गेली सहा वर्षे इतरांच्या छायाचित्रांतील माशा ओळखून देणे हा माझा छंद आहे. त्याआधी दुसऱ्या एका निसर्गप्रेमी गटात असाच प्रश्न विचारला असता ‘आधी मूलभूत वाचन करा’ एवढेच उत्तर मिळाले होते आणि मी तिथून कायमचा बाहेर पडलो होतो. नवख्याशी कसे वागावे या एकाच गोष्टीने छंद टिकतो किंवा सुटतो, हे मी स्वतः अनुभवले असल्यामुळे या सेवेचे परीक्षण मी त्याच अंगाने करणार आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत 2008 साली तीन विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून सुरू केलेली ही सेवा 2023 पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालते. वापर विनामूल्य आहे. दिसलेल्या जिवाचे छायाचित्र किंवा आवाज, तारीख आणि ठिकाण एवढे दिले की निरीक्षण तयार होते. मग ते पाहणारा कोणीही त्यावर आपली ओळख नोंदवू शकतो.

या रचनेतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे येथे मतांना वजन नाही. तीस वर्षे कोळ्यांवर काम केलेल्या अभ्यासकाचे मत आणि काल खाते उघडलेल्या मुलीचे मत मोजणीत सारखेच धरले जाते. शिवाय नवख्याला येताच स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही की आपली पात्रता सिद्ध करावी लागत नाही. चर्चा त्याच्याबद्दल नसून त्याने पाहिलेल्या जिवाबद्दल असते, त्यामुळे चूक दाखवली गेली तरी ती अंगाला लागत नाही. दुरुस्तीची भाषाही सेवेने विचारपूर्वक घडवली आहे. कोणी एखादी विशिष्ट जात सुचवली असेल आणि मला फक्त वर्गीकरणातील तिच्या वरच्या पायरीपर्यंतच खात्री असेल, तर ‘ही ती जात नक्कीच नाही’ की ‘ती असू शकेल, पण मला सांगता येत नाही’ असे मला विचारले जाते. हा एक प्रश्न मतभेद आणि अज्ञान यांतला फरक स्पष्ट करतो, आणि कितीतरी रुसवेफुगवे आधीच टळतात.

2017 पासून संगणकही छायाचित्र पाहून नावे सुचवतो. नवख्याला त्यामुळे लगेच काहीतरी हाती लागते, हे खरे. मात्र ज्या जातींची पुरेशी छायाचित्रे जमा झालेली नाहीत त्या या यंत्रणेला ठाऊकच नसतात, आणि मग ती जवळच्या प्रसिद्ध नातेवाइकाचे नाव पुढे करते. ज्यांना केवळ नाव जाणून घ्यायचे आहे, किंवा लहान मुलांबरोबर फिरायला जायचे आहे, त्यांच्यासाठी याच संस्थेचे ‘सीक’ हे ॲप अधिक योग्य आहे, कारण त्याला खाते लागत नाही.

खरी अडचण पुढे येते. निरीक्षण ‘रिसर्च ग्रेड’, म्हणजे संशोधनात वापरण्याजोगे, ठरण्यासाठी किमान दोघांचे आणि दोन-तृतीयांशापेक्षा अधिक मतांचे एकमत लागते; त्यानंतर, परवाना खुला असेल तर, ते जीबिफ या जागतिक जैवविविधता विदासंग्रहात जाते आणि संशोधक ते वापरतात. आता गणित पाहा. नवख्याने एखाद्या जिवावर चुकीची जात नोंदवली आणि पुन्हा तो कधी फिरकलाच नाही, तर ते एक मत तसेच राहते. दोन जाणकारांनी योग्य जात सांगितली तरी प्रमाण बरोबर दोन-तृतीयांश होते, त्यापेक्षा अधिक नाही. म्हणून तिसरा जाणकार शोधावा लागतो. चुकीची मते दोन असतील तर पाच जाणकार लागतात. लोकप्रिय पक्ष्यांच्या बाबतीत पाच जण सहज मिळतात, पण माशांच्या एखाद्या अवघड गटासाठी जगभरात मिळून तेवढे लोक सक्रिय असतीलच असे नाही.

याच्याच जोडीला ‘सहमत’ हे बटण आहे. कोणी ओळख सांगितली की नवखा कृतज्ञतेपोटी ते दाबतो. त्याच्या दृष्टीने ते आभार असतात, पण नोंदीत ते स्वतंत्र मत ठरते आणि एकाच माणसाच्या ज्ञानावर उभे असलेले निरीक्षण रिसर्च ग्रेड होऊन बसते. स्वतः खात्री करता येत असेल तरच सहमती द्यावी, असे मार्गदर्शनात लिहिलेले आहे. परंतु बटण दाबण्याच्या क्षणी ते कोणाच्या डोळ्यांसमोर असायला हवे, याचा विचार झालेला दिसत नाही. छायाचित्र चढवायला ही सेवा सुरेख शिकवते. ओळखायला शिकवण्याचे काम मात्र तिने जुन्या सदस्यांच्या सद्भावनेवर सोडले आहे.

आणि हे जुने सदस्य टिकतात कशामुळे? प्रत्येक गटात सर्वाधिक ओळखी देणाऱ्यांची क्रमवारी दिसते, पण त्या आकड्यासाठी कोणी वर्षानुवर्षे रोज रात्री माशांच्या पंखांतील शिरा तपासत बसत नाही. आपण केलेले काम आपल्याच समुदायाच्या हाती राहील, या विश्वासावर ते टिकतात. जून 2025 मध्ये गूगलच्या दानसंस्थेकडून जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी अनुदान मिळाल्याचे जाहीर झाले, तेव्हा अनेक जाणत्या सदस्यांनी तीव्र आक्षेप घेतला आणि काहींनी खाती पुसून टाकली. खाते पुसले की त्या व्यक्तीने दिलेल्या ओळखीही जातात, म्हणजे त्या ओळखींच्या आधारे रिसर्च ग्रेड झालेली इतरांची निरीक्षणेही त्या दर्जावरून खाली घसरू शकतात. अनुदान घ्यावे की नाही यावर दुमत असू शकते. पण ज्यांच्या मतांवर सारा डोलारा उभा आहे त्यांना निर्णय झाल्यावर कळवणे ही चूक होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

एवढे असूनही नवशिक्याला मी हीच सेवा सुचवतो आणि स्वतःही सोडलेली नाही. पहिल्या पन्नास निरीक्षणांसाठी माझा सल्ला एवढाच की जातीचा हट्ट न धरता ‘माशी’, ‘कोळी’, ‘गवत’ अशी ढोबळ ओळख द्यावी. त्यामुळे निरीक्षण योग्य जाणकारापर्यंत पोहोचते आणि मागे खोडायचे काही उरत नाही. जुन्यांसाठी ओळख देण्याच्या पानावर, नुकतीच खाती उघडलेल्यांचीच निरीक्षणे दाखवणारी एक चाळणी आहे, आणि तिचा वापर फारच थोडे लोक करताना दिसतात. मी रविवारी सकाळी ती लावून बसतो. बहुतेक वेळा पहिल्या दहा-बारा निरीक्षणांतच मधमाशी म्हणून टाकलेली एखादी माशी सापडते, आणि मी पंखांच्या जोड्या मोजायला सांगतो.