चार पद्धतींचे पैसे घेतले, चालवली एकच

माझी 14 चित्रं, प्रत्येकाचे 6 प्रिंट, एकूण 84. प्रिंट काढून देणाऱ्याला 80 टक्के रक्कम आगाऊ दिली. शिवाय ‘गॅमट मॅपिंग तुलना’, म्हणजे चित्रातले रंग प्रिंटरच्या आवाक्यात बसवण्याच्या चार पद्धती ताडून बघणं, यासाठी चित्रागणिक वेगळे पैसे, 14 वेळा. चारही पद्धती लावून बघू, चित्राला मानवेल ती ठेवू, असा शब्द होता. केलं काय, तर प्रिंटरला न झेपणारे रंग सरसकट छाटले. निळ्या पडद्याच्या चित्रात मी अल्ट्रामरीनच्या पाच छटांनी घड्या काढल्यात. प्रिंटवर एकही घडी नाही, नुसता सपाट निळा पट्टा.

तुलनेचा कागद आला तेव्हाच मला कळायला हवं होतं. चारांपैकी दोन पद्धती, परसेप्च्युअल आणि रिलेटिव्ह कलरिमेट्रिक, शेजारी शेजारी, आणि दोन्ही हुबेहूब! रिलेटिव्हमध्ये फक्त न झेपणारे रंग छाटतात. परसेप्च्युअलमध्ये रंगांमधलं नातं सांभाळून सगळेच आत ओढतात. म्हणजे पडद्यामागची भिंतही जराशी मंदावायला हवी होती. मी तो कागद खिडकीपाशी नेला, दहा मिनिटं पाहिला, आणि ‘फरक पडत नाही, बरंच झालं’ म्हणून होकार कळवला. ती दहा मिनिटं अजून डोक्यातून जात नाहीत.

फाइल उघडली ती नंतर. रूपांतर प्रिंटरच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्या प्रिंटरला कोणते रंग कसे जमतात हे सांगणाऱ्या फाइलमध्ये, नव्हतंच, पडद्यावरच्या रंगांसाठीच्या साध्या एसआरजीबीत होतं. त्या नेहमीच्या प्रोफाइलमध्ये परसेप्च्युअलचा तक्ताच नसतो. पर्याय कुठलाही निवडा, छाटणीच होते. प्रूफ, म्हणजे आधीचा नमुना, मागाल तेव्हा प्रोफाइलचं नाव लेखी घ्या.

मी चित्रकार आहे, रंगशास्त्र शिकलेलो नाही. समोरचा माणूस सीआयई या प्रकाश आणि रंगांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या, गॅमट मॅपिंगची पारख कशी करावी यावरच्या 2004 च्या 156 क्रमांकाच्या अहवालाचं नाव घेत होता, डेल्टा ईचे, म्हणजे दोन रंगांतला फरक मोजणारे, आकडे सांगत होता. कोणीही विश्वास ठेवला असता. अहवाल खरा आहे, पण त्यात माणसांच्या डोळ्यांनी पारख करायला सांगितलंय, ते त्याने गाळलं. सरासरी डेल्टा ईवर तर जाऊच नका, घड्या त्यातच लपतात.

तक्रार केली. पैसे ज्यांच्यामार्फत भरले ते म्हणाले, माल पोहोचला, व्यवहार संपला. ग्राहक तक्रार कक्षात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा प्रिंट मागितले, दुसऱ्यांदा मूळ चित्र, तिसऱ्यांदा सांगितलं, ‘रंग आवडणं न आवडणं हा मताचा प्रश्न.’ अहो, मी आवडीबद्दल बोलतच नाही! चार पद्धतींचे पैसे घेऊन एकच वापरली, हे फाइलमध्ये स्पष्ट दिसतंय. ती फाइल उघडायला तिथे कोणी तयार नाही. चित्रकारांच्या संघटनेने सहानुभूतीचं पत्र पाठवलं, बस्स.

सगळ्यात गडद, भडक चित्राचा एक प्रिंट आधी काढून घ्या, त्याच कागदावर. उरलेले 20 टक्के मी दिलेले नाहीत, देणारही नाही.